आधी आवडीचं, मग औषध

फोन आला तेव्हा दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. एका हाताने ते धरून दुसऱ्या हाताने मी मोबाइल कानाला लावला. वास्कोहून संदेश बोलत होता, वसंतबाबांचा मुलगा. "शैलाताई, बाबा गेले. पहाटे... झोपेतच." मी नुसतं "बरं" म्हटलं.  पायरीवर तीन-चार माणसं उभी होती. पेडण्याच्या बाजारात औषधाच्या दुकानापुढे सकाळी ती असतातच. मी शटर पूर्ण वर केलं, दिवा लावला, फ्रिजचं तापमान बघितलं आणि चिठ्ठ्या हातात घेतल्या. सात गिऱ्हाइकं झाली तरी मी कोणाला काही बोलले नाही. प्रत्येक पाकीट दोनदा वाचलं, नाव, ताकद, तारीख, आणि मगच कात्री लावली. त्या दिवशी, निदान त्या दिवशी तरी, माझ्या हातून चूक होऊन चालणार नव्हतं. आठवी आली ती कोरगावची एक म्हातारी. "आज प्रश्न नाय?" तिने नेहमीसारखं विचारलं. वसंतबाब दुकानात यायचे बंद होऊन वर्ष उलटलं होतं, तरी ती हे विचारायची. तिला मात्र मी सांगितलं.

हा प्रश्न म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी मये गावची. लग्न होऊन पेडण्याला आले आणि हातात औषधनिर्माणशास्त्राची पदविका होती म्हणून वसंतबाबांच्या दुकानात लागले, त्याला आता सव्वीस वर्षं होतील. पहिल्या दिवशी त्यांनी मला पगार, वेळ, सुट्टी यांबद्दल काही सांगितलं नाही. म्हणाले, "शैला, ऑक्टोपसाक काळजां किती?" मला वाटलं, माणूस जरा विक्षिप्त दिसतो. मी म्हटलं, एक. ते म्हणाले, "तीन. आता ह्या तू आयुष्यात इसरूचंय नाय." खरंच विसरले नाही. दुकानात रांग लागली की चिठ्ठी घेता घेता ते प्रत्येकाला असलं काहीतरी विचारायचे. फुलपाखराला चव कशाने कळते? पायांनी. माणूस उंच कधी असतो, सकाळी की संध्याकाळी? सकाळी, रात्रभर आडवं झाल्यामुळे पाठीचा कणा जरासा सैल पडतो म्हणून. केळं हे शास्त्राच्या हिशेबात द्राक्ष-टोमॅटोच्या वर्गातलं फळ कसं... औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडीची पत्रकं ते भिंग लावून वाचायचे, रद्दीतली जुनी मासिकं वाचायचे आणि जे मिळेल ते डोक्यात ठेवायचे. कोणाला इंजेक्शनची भीती असेल, कोणी तपासणीचा कागद हातात घेऊन पांढरा पडला असेल, तर त्याला हमखास प्रश्न मिळायचा. उत्तर शोधता शोधता माणसाचा श्वास जागेवर यायचा, हे मी कितीतरी वेळा बघितलं.

आणि दुसरी गोष्ट आवडीची. "आवडतं काय तुका?" हे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायचे, डॉक्टरने वय विचारावं तसं सरळ. मग गोळीचं पाकीट हातात देताना सांगायचे, आधी आवडीचं चार घास खा, मग औषध घे. पथ्य असेल तर पथ्यात बसणारं, पण आवडीचं. रिकाम्या पोटी घ्यायच्या गोळ्या सोडल्या तर हा नियम सगळ्यांना होता. त्यांचं म्हणणं असं की कडू गोष्टीकडे माणूस पाठ फिरवतो, गोडीने बसवलं की महिनाभर औषध चुकत नाही. अर्ध्या तालुक्याची आवड त्यांना तोंडपाठ होती. मांद्रेच्या मास्तरांना मानकुराद आंबा नव्हे, मुसराद लागतो. पार्स्याच्या एका बाईला उंडा पाव शिळाच आवडतो, पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, ताजा घेऊन ती तो मुद्दाम दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवते. माणसांची नावं ते कधीकधी विसरायचे, पण "ती गो, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी" असं म्हणाले की मला कोण ते कळायचं.

पहिली खूण कोणती, हे आता मागे वळून सांगणं कठीण आहे. एकाच माणसाला एकाच सकाळी त्यांनी दोनदा तोच प्रश्न विचारला. तो हसला, मीही हसले. मग एकदा मधुमेहाच्या जुन्या पेशंटला त्यांनी विचारलं, आवडतं काय तुका? त्या माणसाचा चेहरा मला आठवतो. पंधरा वर्षं तो आमच्याकडे येत होता. वसंतबाबांनी लगेच सावरलं, "बदललां काय बघतंय" म्हणाले. मला वाटलं, वय झालं, सत्तरी जवळ आली, होतं असं. मी तसं स्वतःला समजावलं, कारण दुसरं काही समजावून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मग ती दुपार आली. पेडण्यात एक ते साडेतीन दुकानं बंद असतात. वसंतबाब जेवायला घरी गेले होते. मी बँकेचं काम आटोपून दोनला शटर ओढायला परतले, तर काउंटरवर एक चिठ्ठी राहिलेली. सरकारी दवाखान्याची. कस्तुरी नावाची बाई, सातवा महिना, लोहाच्या गोळ्या. पत्ता म्हणून नुसतं धारगळ आणि बांधकामाच्या मुकादमाचं नाव. आणि चिठ्ठीच्या बाजूला कापून उरलेलं अर्धं पाकीट... ते लोहाचं नव्हतं. रक्तातली साखर उतरवायच्या गोळीचं होतं. दोन्हींच्या नावात दोन अक्षरांचा फरक, आणि खणही शेजारी शेजारी. मी लोहाच्या गोळ्यांचं खोकं उघडलं, मोजलं, पुन्हा मोजलं. त्यातलं एकही पाकीट कमी झालं नव्हतं.

साखर नसलेल्या पोटुशी बाईने ती गोळी घेतली तर काय होऊ शकतं, ते मला शिकवलेलं होतं. वसंतबाबांना फोन करावा असं क्षणभर वाटलं, पण केला नाही. खऱ्या गोळ्या पिशवीत टाकल्या, जवळ होतं ते ग्लुकोजचं पाकीट घेतलं आणि स्कूटर काढली. मालपेचा चढ, पुढे हमरस्त्यावरची ट्रकांची रांग... चिठ्ठीवर वेळ अकराची होती आणि आता सव्वादोन होत होते. तीन तास. जेवायच्या वेळेला लोक गोळ्या घेतात, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. धारगळला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या दोन ठिकाणी होत्या. पहिल्या ठिकाणी कस्तुरी नावाची कोणीच नव्हती. दुसऱ्या ठिकाणी एका बाईने हात करून दाखवलं, "ती बेळगावची व्हय? तिकडं, शेवटची खोली." मी स्कूटर तशीच टाकून धावले.

कस्तुरी दाराशी चुलीपुढे बसली होती. हाताला पीठ, तव्यावर भाकरी. पाटीवर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याशेजारी ते पाकीट. मी काही न बोलता उचलून बघितलं. एकही गोळी फुटली नव्हती. "अजून घेतली नाहीस?" मी विचारलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. "न्हाई की. काकांनी सांगितलंय न्हवं, आधी आवडीचं खा म्हणून. दोन दिस झाले, जोंधळ्याचं पीठ न्हवतं. आज गावलं, म्हणून भाकरी करायलोय." मी तिथे जमिनीवरच बसले.  ज्या माणसाने तिला चुकीची गोळी दिली होती, त्याच माणसाच्या सांगण्यामुळे ती वाचली होती.

आणि मग मी खोटं बोलले. "ते पाकीट जुनं आहे गं, तारीख संपलेलं. हे घे, नवीन." ती "बरं ताई" म्हणाली, मला भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर देऊ लागली. मी तो रुमालात बांधून घेतला. परत येताना मी मनाशी ठरवलं, वसंतबाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही. दुकान त्यांचं, नाव त्यांचं. मी जास्त लक्ष ठेवीन, एवढंच.

लक्ष ठेवणं म्हणजे परीक्षा घेणं, हे मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गिऱ्हाईक नसताना मी त्यांना त्यांचेच प्रश्न विचारू लागले. ऑक्टोपसाला किती? तीन. काजूची बी फळाच्या बाहेर का लोंबते? त्यांनी पाच मिनिटं समजावून सांगितलं, आपण ज्याला फळ म्हणतो तो नुसता फुगलेला देठ, खरं फळ म्हणजे ती बीच. मध का नासत नाही? तेही सांगितलं. एकही उत्तर चुकलं नाही. मला हायसं वाटायचं, पण दुपारपर्यंत ते टिकायचं नाही, कारण तोच माणूस सकाळी आलेली औषधाची पेटी कुठे ठेवली ते शोधत दुकानभर फिरत असायचा. जुनं सगळं जागच्या जागी होतं, कालचं मात्र पुसून जात होतं. तरी मी तीन आठवडे काढले. ते चिठ्ठी घ्यायला हात पुढे करायचे, मी आधी करायचे. ते पाकीट काढायचे, मी काहीतरी निमित्त काढून ते हातात घेऊन वाचायचे. 

एका सकाळी मी वेगळंच विचारलं. "वसंतबाब, मला काय आवडतं?" ते लगेच म्हणाले, "कांकण. चायेत बुडवून." कांकण म्हणजे बांगडीसारखा गोल, कडक पाव. माझं पोट सुटल्यापासून मी पावाला हात लावला नव्हता, त्यालाही दहा वर्षं झाली होती. रोज अकरा वाजता मी त्यांच्यासमोर बसून फोडी केलेली पपई खायचे, त्यांनी कितीदा त्यावरून माझी थट्टा केली होती. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार. त्यांनी कात्री खाली ठेवली. "तू माजी परीक्षा घेतंस गो?" अगदी हळू विचारलं. मी नाही म्हणणार होते. "किती दिस?" ते म्हणाले. "खरां सांग."

मी सगळं सांगितलं. खण, पाकीट, धारगळ, भाकरी. ते उभेच होते. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी खोकल्याचं औषध दिलं, तो गेला, आणि मी राहिलेलं सांगितलं. संपल्यावर त्यांना राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. दुकान कोणाचं, लायसन्स कोणाचं, तू कोण माझ्यापासून लपवून ठेवणारी... मी ऐकून घेतलं. मीही शेवटी बोलले, "उद्यापासून औषध तुम्ही द्यायचं नाही. दिलंत तर मी येणार नाही." ते आत गेले आणि गोदामाच्या खोलीत दार लावून बसले. मी बाहेर चिठ्ठ्या घेत राहिले.  तासाभराने मी हाक मारायला उठले, तेवढ्यात तेच बाहेर आले. तोंड धुतलेलं होतं. म्हणाले, "स्कूटर काढ. माका तिच्याकडे व्हर."

मी खूप समजावलं. तिला काही झालेलं नाही, तिला काही माहीतच नाही, नवरा कसा असेल ठाऊक नाही, उगाच पोलिसांपर्यंत जाईल. ते स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही धारगळला गेलो. नेमका तिचा नवरा खोलीवर होता. मारुती, सळया बांधायचं काम करणारा, दांडगा माणूस. हातात पक्कड होती. वसंतबाब त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुझ्या बायकोला चुकीचं औषध दिलं होतं. तिने ते घेतलं असतं तर तिला आणि पोटातल्या बाळाला धोका होता. ती माझी चूक. मला हल्ली लक्षात राहत नाही." एरवी त्यांच्या तोंडी नसणाऱ्या शुद्ध मराठीत, शाळेत उभं राहून सांगावं तसं. कस्तुरी दारात आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही तर म्हणालासा, पाकीट जुनं हाय."  मला आयुष्यात एवढी लाज वाटलेली आठवत नाही. मारुतीच्या हातातली पक्कड हलली. शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली होती. त्याने एकदा कस्तुरीकडे बघितलं. मग म्हणाला, "काका, मग आज कशाला सांगायलाय? आम्हाला कळलं बी नसतं."

"कळलं नसतं, म्हणूनच आलो," वसंतबाब म्हणाले.

मारुतीने पक्कड खाली ठेवली. तो काही गोड बोलला नाही, बसाही म्हणाला नाही. "जावा आता," एवढंच म्हणाला. आम्ही वळलो तेव्हा कस्तुरी मागून म्हणाली, "पुढच्या म्हैन्याच्या गोळ्या ताईच देतील न्हवं?" वसंतबाबांनी मान डोलावली. पुढे तिला मुलगी झाली. मुलीला घेऊन ती दुकानात आली तेव्हा वसंतबाबांनी तिला बाळाच्या गुडघ्याच्या वाट्यांची गोष्ट सांगितली, त्या जन्मताना हाडाच्या नसतात, कूर्चेच्या असतात. कस्तुरीने बाळाचे गुडघे चाचपून बघितले. 

धारगळहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचले तर वसंतबाब माझ्या आधी येऊन बसले होते, काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाजूला, घरून आणलेल्या कदेलीवर. त्या खुर्चीवरून ते पुढची दोन वर्षं उठून आत आले नाहीत. औषध मी देत होते, प्रश्न ते विचारत होते. हळूहळू प्रश्न कमी झाले. मग प्रश्न अर्ध्यावर तुटू लागले. मग एकदा ते घरी जायच्या वाटेवर बसस्टँडवर म्हापशाच्या बसमध्ये चढून बसलेले सापडले, आणि संदेशने त्यांना आणि वैनींना, म्हणजे त्याच्या आईला, वास्कोला नेलं.

शेवटचं भेटले ती वैशाखात. दोन बस बदलून वास्कोला पोचेपर्यंत साडी पाठीला चिकटली होती. संदेश बंदरात नोकरीला आहे, त्याच्या फ्लॅटच्या खिडकीतून क्रेनी दिसतात. वसंतबाब तिकडे बघत बसले होते. वैनींनी सांगितलं, "शैला आयलीसा." त्यांनी मला नमस्कार केला, परक्या माणसाला करावा तसा. "तुमी खंयच्या?" मी म्हटलं, मयेची. "मये..." ते म्हणाले, "थंय तळां आसा." तळं आहेच तिथे. मी ऑक्टोपसाचा प्रश्न विचारला नाही. उत्तर आलं नसतं तर मला ते सोसलं नसतं, आणि आलं असतं तरी. निघायच्या आधी माझी रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ झाली, मी पर्समधून पाकीट काढलं. त्यांनी हात पुढे केला. पाकीट घेतलं, उलटं केलं, उजेडाकडे धरलं, अंगठ्याने तारीख शोधली, वाचली, आणि मला परत दिलं. "बरां आसा," म्हणाले. "घेयात."

ते गेले श्रावणात. बाराव्याच्या आदल्या दिवशी संदेशचा पुन्हा फोन आला. आवाज अवघडलेला. पानात त्यांच्या आवडीचं काहीतरी वाढायचं असतं, भटजींनी विचारलंय, पण काय ते कोणालाच सांगता येत नाही. वैनी म्हणतात, पानात पडेल ते जेवायचे, कधी नाव ठेवलं नाही की पुन्हा मागितलं नाही. "शैलाताई, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर होता." मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मलाही माहीत नाही. अख्ख्या तालुक्याला विचारून झालं होतं, पण त्यांना उलट कोणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही. "जरा वेळाने सांगते," म्हटलं.

त्या सकाळी येईल त्या गिऱ्हाइकाला मी तोच प्रश्न केला. मांद्रेचे मास्तर म्हणाले, आंबा असेल. कोणी म्हणालं, सुंगटं, म्हणजे कोळंबी. प्रत्येकजण आपल्याच आवडीचं सांगत होता. बारा वाजले. पाऊस थोडा उघडला होता. समोरच्या कोपऱ्यावर पावसाळ्यात पालेभाजी घेऊन बसणारी आनंदी कपाळदुखीची गोळी मागायला आली. मी तिलाही विचारलं. ती लगेच म्हणाली, "बाबाक? बिकणां." बिकणां म्हणजे फणसाच्या आठळ्या. उन्हाळ्यात चिखलात लिंपून ठेवलेल्या ती पावसात निखाऱ्यावर भाजून विकते. "दुपारी घरा जाताना माज्या छत्रीखाली उभो रवान खायचो. करपलेली बघून घेवचो. म्हणायचो, दुकानात सांगू नको गो, लोकां उगीच आणून देतली."

मी संदेशला फोन लावला. "बिकणां," म्हटलं. "भाजलेली. जराशी करपलेली."  पलीकडे त्याने ते वैनींना सांगितलेलं मला ऐकू आलं.  मग वैनींचा आवाज आला, फोनपासून लांबून, स्वतःशीच बोलल्यासारखा... "म्हणान खिशात सालां गावायची तर. चाळीस वर्सां धुताना झाडून टाकली, कधी इचारूक नाय."